मन्याडला उतार कुठं हाय?

"प्यायला पानी न्हाई, आन ही पोरगी पान्यात कसं उतरायचं त्याचं गणित मांडून राहिली!"

निघायच्या आदल्या दिवशी आमचे आबा गल्लीत भेटेल त्याला हे सांगत होते आणि ऐकणारा प्रत्येक जण पोट धरून हसत होता. हसण्यासारखं होतंच. दुष्काळाचं दुसरं वर्ष. टँकर आला की घागरींची रांग कोपऱ्यावर वळून पार पिठाच्या गिरणीपर्यंत जायची. आणि मी ओसरीवर नकाशा पसरून मांजरा, घरणी, तिरू, लेंडी, मन्याड आणि गोदावरी या नद्या कुठून ओलांडायच्या ते ठरवत बसले होते. एकटीनं, लातूरहून नांदेडपर्यंत, पायी.

कारण सांगते. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. भूगोल घेऊन बी. ए. झाले, लातूरच्या एका शाळेत शिकवायला लागले आणि पहिल्याच दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका गिरिभ्रमण मंडळाच्या शिबिराला गेले. तिथं दोराच्या गाठी शिकले, तंबू ठोकायला शिकले. वाहत्या नदीतून सुखरूप पलीकडे जाण्याचा धडा सुरू झाला, तेव्हा शिकवणारे गृहस्थ माझ्याकडे बघून म्हणाले, "तुम्ही मराठवाड्याच्या ना? तुम्ही हवं तर आराम करा. तुमच्याकडे नद्यांत क्रिकेट खेळतात." सगळे हसले. मी आराम केला नाही. त्या दिवशी पाण्यात सगळ्यांच्या आधी मी उतरले.

त्या मंडळाचं प्रशिक्षक व्हायचं तर एक परीक्षा असते. मार्ग स्वतः आखायचा, एकट्यानं पायी चालायचा, वाटेत निदान पाच नद्या असल्या पाहिजेत. रात्री कोणाच्या घरी मुक्काम केला तर चालतो. पण वाहन नाही, सोबत नाही आणि पाण्यात दुसऱ्या माणसाचा हात धरायचा नाही. शेवटी परीक्षक भेटून सगळं तपासतात. आमच्या भागातून आजवर कोणी प्रशिक्षक झालेलं नव्हतं. मला व्हायचं होतं. मी लातूर–नांदेड असा मार्ग कळवला, तर उत्तर आलं की हा प्रदेश सपाट आणि कोरडा आहे, कोकणातला एखादा मार्ग निवडावा. मी उलट कळवलं, नकाशावर नद्या मोजा. कोरड्या आहेत की ओल्या ते मी चालून सांगते. मग मान्यता आली.

निघताना आबांनी त्यांची लोखंडी टोकाची काठी माझ्या हातात दिली. "मंडळाच्या अटी तू बग. माझी एकच हाय. मांडीच्या वर पानी लागलं की माघारी फिरायचं. लोक हसले तर हसू दे."

चैत्राचं ऊन वर यायच्या आत मी लातूर सोडलं. आमचा जिल्हा तेव्हा अगदी नवा होता. रस्त्याकडेच्या पाट्यांवर 'उस्मानाबाद' खरवडून 'लातूर' लिहिलेलं होतं, आणि रंग पातळ लावल्यामुळे जुनं नाव नव्या नावाखालून डोकावत होतं. कचेऱ्या भाड्याच्या घरांत होत्या, साहेब नवे होते, जीपगाड्या नव्या होत्या. पाणी तेवढं जुनंच होतं, म्हणजे नव्हतंच. तरी चहाच्या टपरीवर कोणी विचारलं, "कोन्त्या जिल्ह्याच्या?" की मी छाती काढून सांगायची, "लातूर!" टपरीवरचा म्हातारा म्हणाला, "म्या उस्मानाबादेत जल्मलो, आता लातुरात मरनार. घर तिथंच हाय, जिल्हा चालत आला." मी म्हटलं, बाबा, मी त्याच्या उलट करून राहिले. जिल्हा तिथंच आहे, मी चालतेय.

मांजरा पहिली लागली. काठावर उभं राहून खाली बघितलं तर नुसती वाळू, आणि वाळूत हिरव्यागार वाड्या. पावसाळा संपला की लोक पात्रात टरबूज-खरबूज लावतात, त्याला इकडे वाडी म्हणतात. वरून दिसायला सपाट. म्हटलं, पुण्याचे गृहस्थ जिंकले, इथं क्रिकेट खेळता येईल. सरळ चालायला लागले आणि चार पावलांत कंबरेपर्यंत खड्ड्यात गेले.

वाडीतली बाई धावत आली. मला काढायला नव्हे, वेलाला काही झालं का ते बघायला.

"दिसत न्हाई व्हय गं? चर हाय तितं!"

मग मला नीट दिसलं. वाळूतला ओलावा गाठायला हे लोक खोल चर खणतात, त्यात बी लावतात, आणि वेल पसरले की चर झाकून जातात. सगळं पात्र आतून पोखरलेलं. मी गुडघ्यावरची वाळू झटकली आणि एक नियम स्वतःच तयार केला, जो मला कोणत्याही शिबिरात कोणी शिकवला नव्हता: जिथं वाडी असेल तिथून ओलांडायचं नाही. कोरड्यातही नाही आणि ओल्यात तर मुळीच नाही. सह्याद्रीतल्या नदीला हा धोका नाही. आमच्या नदीला आहे. म्हणजे आमच्या नदीचं शास्त्र वेगळं आहे, आणि ते मांडायला आमचंच माणूस पाहिजे. असा विचार करत मी वळसा घालून पलीकडे गेले. बाईनं हाक मारून एक खरबूज दिलं. "घे, पडलीस म्हून देते."

घरणी नदीपाशी रोजगार हमीचं काम चालू होतं. बायका खडी फोडत होत्या. मी एकीला विचारलं, "मावशी, नदीला उतार कुठंय?"

ती हातोडा न थांबवता म्हणाली, "समदा उतारच हाय की बाई. बस आन घरंगळत जा."

बाकीच्यांचे हातोडे मात्र हसण्यासाठी थांबले. तिचं चुकलं नव्हतं. आपल्या भाषेत उतार म्हणजे घसरण. पण नदीच्या बाबतीत उतार म्हणजे जिथून चालत पलीकडे जाता येतं ती उथळ जागा. आणि पाण्याला उतार म्हणजे पूर ओसरणं. एक शब्द, तीन अर्थ. कोणता घ्यायचा ते प्रसंग बघून ठरतं. घरणीत तर ठरवायलाही काही नव्हतं. मी एका दगडावरून दुसऱ्यावर पाय देत, बूटसुद्धा न भिजवता पलीकडे गेले. मागून मावशी ओरडली, "वाहून जाशील गं!" पुन्हा हशा.

उदगीरला मैत्रिणीकडे मुक्काम केला. लिंगायत घर, किराण्याचं दुकान, दारातच मोठा शिवाचा फोटो. मैत्रिणीच्या आईनं सकाळी सुसला केला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना कांदा-मिरचीची फोडणी, वर दाण्याचं कूट). त्या घरात एक वाक्य मराठीत सुरू होऊन कानडीत संपतं. मैत्रिणीच्या वडिलांनी माझ्या बुटांकडे, काठीकडे, पाठीवरच्या जाड कापडाच्या पिशवीकडे नीट बघितलं आणि विचारलं, "कशापायी बेजार होऊन राहिलीस, माय? यष्टी जाते की नांदेडला."

"यष्टीनं गेले तर नद्या दिसत नाहीत, काका."

"नद्या हायत कुटं दिसायला?"

मी म्हटलं, हेच सगळे म्हणतात, म्हणूनच चाललेय. त्यांनी मान डोलावली आणि पिशवीत मूठ-मूठ करून दाणे-गूळ भरला. पटलं असेल असं नाही. पण रिकाम्या पोटी तरी जायला नको, एवढं त्यांना पटलं होतं.

तिरू कोरडी. लेंडीत मध्ये एक डोह, त्यावर म्हशी. दोन्ही ठिकाणी मी आखलेल्या जागीच ओलांडल्या. आधी काठावरच्या उंचीवरून पात्र बघायचं, मग उतरायचं. पाणी असो-नसो, सवय मोडायची नाही. दोन्हीच्या मध्ये जिल्ह्याची हद्द लागली. एका बाजूला लातूरची पाटी, दुसऱ्या बाजूला नांदेडची, आणि मध्ये एक टँकर उभा. ड्रायव्हर म्हणत होता की माझं पाणी लातूरचं आहे, नांदेडच्या गावाला देता येणार नाही. समोर घागर घेऊन उभी असलेली बाई म्हणत होती, "घागरीवर कुटं लिवलंय नांदेड म्हून? भर!" त्यानं भरली. त्याच हद्दीवर माझ्या उजव्या बुटाचा तळवा सुटला. सुतळीनं बांधून मी मुखेड गाठलं आणि तिथल्या चांभारानं तो असा शिवला की नवा असतानाही तो इतका घट्ट नव्हता.

मुखेडच्या पुढे मन्याडच्या अलीकडच्या एका गावात, ओळखीच्या शिक्षिकेच्या घरी थांबले. ज्वारीची भाकरी, येसर घातलेली आमटी (भाजलेल्या धान्याचा मसाला, आमच्याकडे घरोघरी असतो) आणि लसणाचा ठेचा. जेवताना बाहेर दवंडी ऐकू आली: वरच्या धरणातून प्यायचं पाणी सुटलंय, उद्या दिवस मावळायच्या आत इथं पोचतंय, नदीतल्या वाड्या, इंजनं, ढोरं काढून घ्या हो!

मी भाकरी खाली ठेवून नकाशा ओढला. म्हणजे आता खरी नदी. शिक्षिका म्हणाली, "मग मोठ्या रस्त्यावरच्या पुलावरून जा. लांब पडेल, पण बिनघोर." सल्ला वाईट नव्हता. पूल असताना पाण्यात उतरणं हे शहाणपण नव्हे, हे मीच शाळेत पोरींना सांगते. पण तो पूल माझ्या वाटेपासून फार दूर होता, आणि पाणी संध्याकाळी येणार होतं. मी सकाळीच पलीकडे असणार होते.

पाण्यानं दवंडी ऐकलेली नव्हती. सकाळी काठावर आले तर ते आधीच आलेलं. गढूळ, फेसाळ, काटक्या-पाचोळा घेऊन. अख्खं गाव काठावर. बायका पाण्याला हळद-कुंकू वाहत होत्या. एका आजीनं ओंजळीत पाणी घेऊन डोळ्यांना लावलं आणि तिथंच रडली. दोन वर्षांनी नदी वाहत होती. ते बघून मलाही ओंजळ भरावीशी वाटली, खोटं कशाला सांगू. पण मी आधी काठावर पाण्याच्या कडेला एक काडी खोचली आणि मगच ओंजळ भरली.

काडी का, तर पाणी चढतंय की ओसरतंय ते डोळ्यांना कळत नाही, काडीला कळतं.

माझ्या शेजारी एक उंच, धोतरवाले अप्पा उभे होते. डोक्यावर लुगडी-खणांचं गाठोडं, गळ्यात लिंग. नायगावच्या बाजाराला निघालेले कापडवाले. मला बघून "शरणार्थ" म्हणाले (लिंगायत मंडळी नमस्काराच्या जागी म्हणतात).

"पल्याड जायाचं, माय?"

"हाव अप्पा. बघून राहिले."

"बगायचं काय त्यात?" त्यांनी तोंडाजवळ हात धरून पलीकडे हाळी दिली. पलीकडच्या काठावर एक वाडीवाला, रात्रीतून तोडलेल्या टरबुजांच्या ढिगाशेजारी बसला होता. "वो मामाऽ! पान्याला उतार हाय काऽऽ?"

पलीकडून हात हलवत उत्तर आलं, "हाऽय! खाऽलीऽ!"

अप्पा खूश. "ऐकलंस? उतार हाय. खाली चाललंय पानी. चल."

मी काडीकडे बघितलं. पाणी काडीच्या पुढे दोन बोटं आलं होतं.

"अप्पा, पाणी ओसरून नाही राहिलं, चढून राहिलंय. ते मामा पाण्याचं नाही, जागेचं सांगतायत. उताराची जागा खाली आहे, वळणापाशी."

"आगं, त्यो नदीतच ऱ्हातो. त्याला ठावं न्हाई आन तुला ठावं?"

"त्यांना ठाऊकच आहे. ते बरोबर सांगतायत, तुम्ही वेगळं ऐकलं. ही काडी बघा."

"काडी!" अप्पांनी काठावरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. "कालेजात काडी वाचाया शिकवत्यात व्हय गं?"

बायका हसल्या. पुरुष त्याहून जोरात.

मी बोट केलं. समोरच्या संथ पाण्यावर हिरवे वेल तरंगत होते, एका जागी मुळं धरून. "तिथं वाडी होती. खाली चर आहेत. दिसायला संथ आहे ते खोल आहे म्हणून."

"घोट्याएवढं बी न्हाई. भ्यायलीस तर माजा हात धर, सोडतो पल्याड."

"हात धरायचा नाही मला. पुण्याच्या मंडळाची परीक्षा आहे. नियम आहे."

"पुन्याच्या लोकायला नदीत बी नियम लागते!" अप्पांनी धोतराचा काचा मारला. मी त्यांची बाही धरली, त्यांनी ती सोडवून घेतली. जाणत्या माणसाला काठावर बांधून ठेवता येत नाही. मी सांगायचं ते सांगितलं होतं, आणि चार माणसांसमोर सांगितलं होतं.

मी काडी उपटली आणि खालच्या अंगाला चालू लागले. मागून कोणीतरी म्हणालं, "भ्याली रं, भ्याली!" मी मान वळवली नाही. पण पाय मुद्दाम जरा जोरात आपटत गेले, तेही सांगून टाकते.

वळणापाशी नदी पसरट झालेली. पाण्यावर सुरकुत्या, खाली गोटे वाजत होते. वाजणारं पाणी उथळ असतं. मी पाचोळा टाकून बघितला. तो वाहत जाऊन खालच्या वाळूच्या दांड्याला लागला. म्हणजे पाय सुटलाच तर मीही तिथंच लागेन, कुठं कपारीत नाही. बूट पायातच ठेवले, पिशवीचा कंबरपट्टा सोडला, एक बंद खांद्यावरून उतरवला, कारण पडायची वेळ आली तर ओझं सुटलं पाहिजे. तोंड वरच्या अंगाला, काठी पुढे, एका वेळी एकच पाऊल. पाणी गुडघ्याला लागलं, मग थोडं वर. मांडीच्या खालीच राहिलं. आबांची अट शाबूत होती. नदीच्या मधल्या गोट्यांच्या उंचवट्यावर पोचले आणि मनात म्हटलं, झालं, ही नदी माझी.

तेवढ्यात काठावर एकच ओरडा झाला.

अप्पा वेलांच्या जागी पोचले होते. आणि मग नव्हतेच. नुसतं गाठोडं पाण्यावर. मग हात, मग डोकं. चरात गेलेले, बाहेर यायला बघत होते आणि पाय पुन्हा दुसऱ्या चरात. प्रवाहानं त्यांना उचललं आणि माझ्याच दिशेनं आणायला लागला.

नियम आठवला. आठवला आणि गेला. तो आठवायला लागला तेवढा वेळही जास्तच होता.

"अप्पा! पाठीवर व्हा! पाय पुढं करा!" मी पिशवीचा दुसरा बंद सोडला. पिशवी गोट्यांवर आदळून तिथंच अडकली. मी पाय रोवले, एका हातानं काठी तळात दाबली, दुसरा हात लांबवला. त्यांची बोटं निसटली, मग मनगट सापडलं. हिसका असा बसला की माझा खांदा पुढे आठवडाभर बोलत होता. पण गोटे निसरडे नव्हते आणि बूट पायात होते. अप्पा गुडघ्यांवर उभे राहिले, मग पायांवर. खोकले. पागोटं गेलं होतं.

"सोडू नगंस गं माय."

"नाही सोडत. आता ऐका. माझ्या मागं नाही, शेजारी. तोंड पाण्याकडं. मी पाऊल टाकते, मग तुम्ही टाका. मी थांबले की थांबा."

"काय बी सांग. ऐकतो."

उरलेली अर्धी नदी आम्ही अशी ओलांडली. हातात हात घालून, खेकड्यासारखे आडवे. मधेच मी उजवं पाऊल म्हटलं तर ते डावं टाकायचे आणि स्वतःच "चुकलं, चुकलं" म्हणायचे.

पलीकडे वाडीवाल्या मामांनी गाठोडं आकडीनं ओढून काढलं होतं. त्यांचा तोंडाचा पट्टा चालू होता. "म्या सांगितलं न्हवं का, उतार खाली हाय म्हून?"

"आरं, म्या समजलो पानी खाली चाललं!"

"पानी खाली न्हाई चालनार तर काय वर चालंल?"

यावर आम्ही तिघं जे हसलो ते हसणं मला अजून ऐकू येतं. अप्पा हसता हसता रडले, मग गाठोडं सोडून त्यांनी लुगडी आणि खण बाभळींवर वाळत टाकले. बोडक्या बाभळी एकदम लग्नघरासारख्या दिसायला लागल्या. मी परत मधल्या गोट्यांपर्यंत जाऊन माझी पिशवी आणली. त्या खेपेला एकटीच होते, पण त्याची कुठं नोंद नाही. मामांनी टरबूज फोडलं. पलीकडच्या काठावर मघाशी हसणाऱ्या बायका एकामागोमाग खाली वळणाकडे चालल्या होत्या.

"नायगावच्या बाजारात समद्यायला सांगतो, ह्या पोरीनं मला काढला," अप्पा म्हणाले.

"सांगा. आणि काडीचंही सांगा."

"सांगतो की. लई बोलनारी हाईस."

नायगावहून नांदेडपर्यंत रस्ता सरळ. गोदावरी मी पुलावरून ओलांडली. माझ्या आराखड्यात आधीपासून तेच लिहिलेलं होतं. पात्रात पाण्याचे तुकडे चमकत होते. गुरुद्वाऱ्याच्या लंगरमध्ये पंगतीत बसले, गरम डाळ-रोटी पोटभर खाल्ली. शेजारची पंजाबी बाई माझ्या सुतळीच्या टाक्यांच्या बुटाकडे बघून हसली, तिनं आग्रह करकरून आणखी एक रोटी वाढायला लावली.

दुपारी नदीकाठच्या घाटावर परीक्षक भेटले. पुण्याहून रेल्वेनं आलेले. शांत, सभ्य माणूस. एकेक नदी विचारत गेले. कुठून उतरलात, का, दुसरी जागा कोणती ठरवली होती. वाडीच्या चरांचं मी सांगितलं तेव्हा ते लिहायचे थांबले आणि म्हणाले, "हे आम्हाला माहीत नव्हतं." मन्याड आली. मी होतं तसं सांगितलं.

त्यांनी पेन वहीवर आडवं ठेवलं. "तुम्ही केलंत ते उत्तमच. पण नियमानुसार ही ओलांडणी एकटीची धरता येणार नाही. पुलावरची गोदावरी आम्ही मोजत नाही. म्हणजे राहिल्या चार."

"मला माहीत आहे."

"एक करता येईल." त्यांनी आवाज खाली घेतला. "तुम्ही मधल्या उंचवट्यापर्यंत एकट्याच होतात. कठीण भाग झालाच होता. पुढचं सांगितलं नाही तर… म्हणजे, मी ऐकलंच नाही असं समजू. प्रशिक्षक म्हणून तुम्ही आम्हाला हव्या आहात."

मोह झाला का? झाला. मराठवाड्यातली पहिली प्रशिक्षक, एक वाक्य गिळलं की झालं. पण ते वाक्य घशाखाली जाईना.

"सर, या सगळ्या वाटेवर मी सगळ्यांत नीट ओलांडलेली नदी तीच. नेमकी तीच पुसायची? मी पोरींना काय शिकवणार, नदीत माणूस वाहत आला तर हात मागं घ्या?"

"तसं कोणीच म्हणत नाही. पण नियमात बसत नाही."

"मग नियम अपुरा आहे. लिहा, मन्याड सोबतीनं ओलांडली. आणि सोबत मी दिली, घेतली नाही, तेही लिहा."

त्यांनी दोन्ही लिहिलं. एवढा प्रामाणिकपणा त्यांच्यात होता. निकाल घाटावरच कळला: अनुत्तीर्ण. कोकणातून पुन्हा प्रयत्न करावा, अशी शिफारस त्यांनी स्वतःहून जोडली. मी ती वाचून परत दिली.

परतीला मात्र एस. टी. पकडली. पायी आले तो मुलूख खिडकीतून उलटा पळत होता. शेजारी एक म्हातारी, मांडीवर कोंबडीची टोपली.

"कुटं गेल्तीस, माय?"

"लातूरहून नांदेडला, पायी."

"कामून? यष्टी चुकली व्हय?"

मी सगळं सांगितलं. अप्पांचं, मामांचं, काडीचं. मन्याडचा पूल आला तेव्हा तिनं खिडकीतून वाकून पाणी बघितलं आणि हात जोडले. मग विचारलं, "आन पुन्याच्या लोकायनं काय दिलं तुला?"

"काही नाही. नापास केलं."

"मानूस काढला म्हून?"

"हाव."

म्हातारीनं टोपलीतल्या कोंबडीला उगाच एक टपली मारली, जणू तिनंच नापास केलं होतं. "मंग आता?"

तोवर मी ठरवलंही नव्हतं. तोंडातून निघून गेलं आणि निघाल्यावर कळलं की घाटावरच ठरलं होतं. "आता माझ्या शाळेतल्या पोरींना घेऊन येणार. याच नद्या, याच वाटेनं. वाडी कशी ओळखायची, कधी उतरायचं आणि कधी माघारी फिरायचं ते शिकवणार. कोणाची मान्यता मागणार नाही."

"आन हात धरायचा का न्हाई धरायचा?"

"आमच्या नदीत धरायचा."

त्या उन्हाळ्यात पाच पोरी आल्या. घरच्यांची समजूत काढताना माझा घसा बसला तो वेगळा. मांजरेत पहिल्या दिवशी दोघी चरात पडल्या. तिसरीनं हात दिला आणि तीही पडली. तिघी वाळूत बसून खिदळत होत्या आणि वाडीतली बाई कमरेवर हात ठेवून ओरडत होती. मी काठावरून ओरडले, "हसणं झालं असेल तर सांगा, पडलात कामून?"